चुकांची वही

सनैयातल्या आमच्या वर्कशॉपच्या पाटीवरची
दोन अक्षरं उन्हानं खाल्लीत.
गिऱ्हाईक तरी येतं. दिब्ब्याहून, खोर फक्कानहून,
पिकअपमध्ये पंप आडवा घालून, वर ओलं गोणपाट.

मी इथं हिशेब लिहिते. अकरा वर्षं झाली.
आकडे माझ्याशी खोटं बोलत नाहीत,
पण सगळं सांगतही नाहीत.
बशीर परकार कुठल्या रकान्यात लिहायचा, सांगा?
पगार म्हणून तो खर्चात आहे.

दाभोळचा माणूस.
लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर टेकवतो,
मूठ कानाला लावतो, डोळे मिटतो.
"आतलं गेलंय. अजून नऊ दिवस काढील."
कधी आठ निघतात, एवढंच.
हेच सांगणाऱ्या यंत्राचं कोटेशन
माझ्या ड्रॉवरमध्ये पडून आहे. किंमत बघून
मी ड्रॉवर हळूच लावला होता.

जबल अलीच्या मोठ्या कंपनीनं त्याला दोनदा बोलावलं.
दीडपट पगार, खोलीला खिडकी.
गेला नाही. का, ते विचारलं तर
किटलीकडे बोट दाखवून कामाला लागला.

किटलीशेजारी खिळ्याला सुतळीनं एक वही टांगलेली असते.
पहिलं पान नबील साहेबांचं, बसऱ्याच्या वळणदार अरबीत:
मी गॅस्केट उलटं बसवलं, बोट अर्ध्या समुद्रातून परत आली.
खाली थंकप्पनचं मल्याळम, टेकबहादूरचं नेपाळी,
रोवेनानं पत्ता चुकवला ते,
आणि माझं मराठी: एक शून्य जास्त पडलं, साहेब.
दंड नाही. ओरडा नाही.
चहा उकळेपर्यंत जो तो दुसऱ्याची चूक वाचायचा,
भाषा येत नसेल तर विचारायचा.
नवी पोरं अशीच तयार झाली.

साहेबांच्या छातीवर शस्त्रक्रिया झाली, ते अजमानला घरी बसले.
पुतण्या आला, फिरास. वाईट मुलगा नाही.
भिंतीवर चकचकीत कागद लावले:
सचोटी. उत्कृष्टता. एक कुटुंब.
आणि चुकीला पन्नास दिरहम.

वही एकदम शहाणी झाली.
तीन महिने एक ओळ नाही.
कोरी पानं त्यानं मीटिंगमध्ये उलटून दाखवली,
आम्ही टाळ्या वाजवल्या.
माझ्याकडे मात्र परत आलेल्या मालाचा रकाना
पानाच्या तळाशी टेकला, मग पुढच्या पानावर गेला.

ऑगस्टात मासळीच्या शीतगृहाचा पंप परत आला.
सील चिरलेलं, वरून ग्रीस फासून झाकलेलं.
बशीरनं उघडलं, बघितलं.
कुणाचा हात, ते त्याला कळलं;
टेकबहादूर तेव्हा फरशी झाडत होता,
झाडलेलीच फरशी.

दहाच्या चहाला बशीरनं वही काढली, लिहिलं:
पोराला सील शिकवताना मी घाई केली.
खिशातून पन्नासची नोट काढून पानात ठेवली,
बशीत चहा ओतला, फुंकर घातली.

दुसऱ्या दिवशी त्याखाली नेपाळी ओळ आणि दोन नोटा.
थंकप्पनच्या तीन. (तीन! आणि आम्हाला वाटायचं...)
रोवेनाची एक.
माझ्याही दोन, त्या कशाबद्दल ते वहीत आहे.
गुरुवारपर्यंत वही मिटेना.

फिरासनं नोटा मोजल्या. पुन्हा मोजल्या.
मग दाराशी उभा राहून बराच वेळ
बशीर पंप ऐकत होता ते बघत राहिला.
भिंतीवरचे कागद अजून तिथंच आहेत,
एकाचा कोपरा सुटलाय.
पण वहीत त्याच्या अक्षरात एक ओळ आली.
काय ते सांगणार नाही,
वाचायचं तर चहाला या.

त्या नोटा लखोट्यात घालून त्यानं माझ्या टेबलावर ठेवल्या.
साडेचारशे दिरहम.
उत्पन्न म्हणावं तर कुणी काही विकलं नाही,
खर्च म्हणावं तर काही गेलं नाही.
पेन्सिलीनं लिहून ठेवलेत.